नानांचे कान

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सासरी जळगावलाही म्हणतात आणि माहेरी धुळ्यालाही म्हणतात. खोटं कशाला बोलू, तसंच आहे. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाच्या सुनेने स्वयंपाकघरात काय केलं — मला कळलं की तासाभरात गल्लीला कळतं. आणि तरी एक गोष्ट माझ्या पोटात तेवीस वर्षं पडून आहे. नवऱ्याला सांगितली नाही. आईला नाही. मुलीला तर नाहीच, ती हसत हसत सगळ्या खानदानाला सांगून मोकळी होईल. तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या घरातले नाहीत, म्हणून जमेल असं वाटतं. बघू.

आधी नाना. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यात पारोळा रोडला त्यांचं गॅरेज होतं, मागे आमचं घर, मधे एक निंबाचं झाड आणि त्याखाली एका मोडक्या गाडीचं मागचं सीट टाकलेलं. गिऱ्हाईक तिथे बसायचं. साक्रीपासून शिरपूरपर्यंत लोक त्यांना ‘कानवाले नाना’ म्हणायचे. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येईपर्यंत नानांनी सांगितलेलं असायचं की दोन नंबरचा प्लग गेलाय, किंवा पट्टा ढिला आहे, किंवा — हे फार वेळा — गाडीला काही झालेलं नाही, चालवणाऱ्याला झालंय. लोक हसायचे, पण प्लग काढला की दोन नंबरचाच काळा निघायचा. नाना मग कुणाकडे न बघता हात पुसायचे. मनातून किती खूश व्हायचे ते फक्त मला दिसायचं, कारण त्यांचे कान थोडेसे वर सरकायचे. खरंच सरकायचे, चेष्टा नाही.

त्यांचा खास जीव होता आयडलच्या कामावर. गाडी जागेवर उभी आहे, पाय उचललेला आहे, आणि इंजिन मात्र एक तर थरथरतंय नाहीतर उगाच रेस धरून ओरडतंय — हे दुखणं फार वाईट. गाडी चालते, पोचवते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. आणि कारणं म्हणाल तर दहा. नाना म्हणायचे, पळणाऱ्या माणसाचं दुखणं कोणीही ओळखेल, बसलेल्या माणसाचं ओळखून दाखवा. आधी ते ॲक्सिलेटरची वायर बघायचे, ती ताणून बसली आहे का. मग हवेची जाळी. मग प्लग, मग कार्बोरेटर. आणि हे सगळं ठीक असलं तर मग शेवटचं — गाडी कुठून तरी चोरून हवा घेते आहे का.

हे जरा सांगायला हवं, कारण माझं पाप इथेच आहे. इंजिनाने हवा घ्यायची ती पुढच्या दाराने, जाळीतून, मोजून. पण एखादी रबरी नळी फाटली, एखादं पॅकिंग उसवलं, की ते मागच्या दारानेही हवा ओढतं. मग पेट्रोलचं आणि हवेचं प्रमाण चुकतं आणि उभ्या गाडीची रेस वाढते, खाली येते, परत वाढते. ती भेग डोळ्याला दिसत नाही. फक्त एक बारीक फुसफुस असते, तीही इंजिनाच्या एवढ्या आवाजात.

ती शोधायची नानांची स्वतःची पद्धत होती आणि तिला दोन माणसं लागायची. नाना आणि मी. नाना बॉनेटवर वाकून डोळे गच्च मिटायचे. डोळे उघडे असले की ते कानाला शिकवायला जातात, असं त्यांचं म्हणणं. मी इस्त्रीवाल्याकडे असते तसली पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेऊन एकेका नळीवर, एकेका सांध्यावर पाणी मारत जायची. जिथे भेग असेल तिथे इंजिन पाण्याचा घोट घेतं आणि आवाज क्षणभर बदलतो. नाना बोट वर करायचे — थांब, तिथेच. डोळे मिटलेलेच. मी कुठे फवारते आहे हे ते कधी बघायचे नाहीत. कशाला बघतील? मी त्यांची मुलगी होते, सहाव्या वर्षापासून त्यांनी मला हे शिकवलं होतं. ‘मना दोन कान शेत,’ ते गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘एक मले शे, एक हाई पोरले शे.’ आणि असा एक कान त्यांचा, एक माझा वाटून देताना माझ्या डोक्यावर ग्रीसचा हात फिरवायचे. आई ओरडायची, केस कोण धुणार.

आता तो माणूस आणते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि पाहुणे बघायला येत होते. नऊ वेळा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले होते. नऊही जणांनी मला गाणं येतं का विचारलं, एकानेही गाडी येते का विचारलं नाही. आणि एका रविवारी सकाळी फाटकातून एक जुनी पांढरी गाडी आली, थरथरत, खोकत, आणि तिच्यातून एक उंच, हडकुळा माणूस उतरला. जळगावला शाळेत विज्ञान शिकवायचा. गाडी त्याच्या मामांची, नुकतीच हातात आलेली. त्याची मोठी बहीण, अक्का, धुळ्यात देवपूरला राहायची, तिच्याकडे तो दर रविवारी जेवायला यायचा. नाना आतून काही म्हणायच्या आत तो स्वतःच म्हणाला की गाडीला काही झालं नसावं, मलाच येत नसावी.

मी हातातली बाटली खाली ठेवली. नानांचं वाक्य गिऱ्हाइकाने स्वतःहून म्हणावं, असं आमच्या गॅरेजात कधी घडलं नव्हतं.

त्या दिवशी काम साधंच होतं. कार्बोरेटर भरला होता. नानांनी तो अर्ध्या तासात साफ करून बसवला, उभ्या गाडीची रेस ठरवणारा स्लोचा स्क्रू कान लावून जुळवला आणि गाडी मांजरासारखी घुरघुरायला लागली. तो माणूस एवढा खूश झाला की नानांना नमस्कार करायला वाकला आणि बॉनेटची कडा डोक्याला लागली. मग तो आपल्याच फजितीवर हसला. मोठ्याने, अगदी मोकळा. आईने आतून डोकावून पाहिलं. नानाही हसले. मी काय सांगू तुम्हाला — मला वाटलं, हा माणूस आता जाणार. गाडी बरी झाली, म्हणजे हा परत येणार नाही. इतक्या चांगल्या मेकॅनिकच्या पोरीचं नशीबच फुटकं, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतच नाही.

नाना त्याला चहा प्यायला घरात घेऊन गेले. गॅरेजात मी एकटी होते. बॉनेट उघडं होतं.

हसू नका. बरं, हसा. मलाही आता हसू येतं.

भंगाराच्या डब्यात जुन्या नळ्या पडलेल्या असायच्या, त्यातली एक मला माहीत होती. करंगळीएवढी, वाळून कडक झालेली, पोटाकडून चिरलेली. थंड असताना चीर मिटलेली राहायची, तापली की उघडायची. गाडीच्या इनटेकखाली, म्हणजे हवा आत जाते त्या पाइपाखाली, डाव्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी तेवढ्याच जाडीची एक नळी असते. मी चांगली काढली आणि चिरलेली बसवली. चीर खाली केली, म्हणजे वरून कोणी बघितलं तर नळी धडधाकट. ब्रेककडे जाणारी नळी शेजारीच होती, तिला हात लावला नाही, एवढी अक्कल होती. गाडी बंद पडणार नव्हती, कुणाला दगा होणार नव्हता. फक्त पारोळ्यापर्यंत पोचेस्तोवर इंजिन तापणार होतं आणि मग सर — मास्तर म्हणून आम्ही त्यांना सरच म्हणायला लागलो — जिथे थांबतील तिथे गाडी त्यांच्या नावाने ओरडणार होती. दोन मिनिटांचं काम. मी हात धुऊन आत गेले आणि त्यांना शेव वाढली.

पुढच्या रविवारी ते आले. एरंडोलच्या चौकात गाडीने अशी रेस धरली की रिक्षावाले बाजूला झाले, असं ते सांगत होते आणि पुन्हा हसत होते. रागावलेले अजिबात नव्हते. नानांनी वायर पाहिली, जाळी पाहिली, प्लग बदलले, कार्बोरेटर पुन्हा उघडला. दुपार झाली. सापडलं काही नाही. आणि नानांचा एक नियम होता, तो धुळ्यात सगळ्यांना माहीत होता: ज्याची गाडी आपल्या हातून बरी झाली नाही त्याला उपाशी पाठवायचं नाही. काम झालं नाही तर पोट तरी भरून जाऊ दे. हा नियम फारसा कधी लागू होत नसे, त्यामुळे आईची तारांबळ उडाली. तिने वांगी भाजायला घेतली, मी कळण्याची भाकरी थापली. अक्काला निरोप गेला की भाऊ इथेच जेवेल. सरांनी चार भाकरी खाल्ल्या. भरीत तिखट होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ‘अजून वाढा’ म्हणत होते.

तिसऱ्या रविवारी अक्का स्वतःच सोबत आली. भावाला कोण एवढं जेवायला घालतं ते बघायला. आई आणि अक्का चुलीपाशी बसल्या आणि त्यांचं जे सूत जमलं ते आजतागायत आहे. सर निंबाखालच्या सीटवर बसून मला विचारत होते, हवा आत जाते आणि काय होतं? विज्ञानाचा मास्तर, आणि इंजिनात हवेचं काय होतं ते मला विचारतोय. मी समजावलं. अगदी नीट समजावलं, चोरून घेतलेल्या हवेसकट. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, तुम्ही शिकवायला पाहिजे. कुणी मला असं कधी म्हटलं नव्हतं. आज मी जळगावात बायकांना गाडी चालवायला शिकवते, ती त्या एका वाक्यावर.

किती आनंदाचे रविवार होते ते. आई गुणगुणायची. अक्का येताना पिशवीभर केळी आणायची. मी आठवडाभर सोमवारपासून रविवारची वाट बघायची. हे सगळं मी अगदी चवीने सांगते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. चवीने सांगतेय आणि मुद्द्याला बगल देतेय. कारण नळी बदलली हे माझं पाप आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. नळीचं मला वाईट वाटत नाही. नळी मी आजही बदलेन.

तर, तोच तिसरा रविवार.

जेवणं झाल्यावर नाना म्हणाले, आता कान लावून बघू. गाडी तापवली. रेस चढायला लागली, उतरायला लागली. नाना वाकले, डोळे मिटले. मी बाटली घेऊन फवारायला लागले. कार्बोरेटरचं बूड, पॅकिंग, वरच्या नळ्या, उजवं अंग. नानांचं बोट वर होत नव्हतं. मग डावं अंग. वरचा सांधा फवारला. ब्रेकची नळी फवारली. आणि त्या नळीच्या जागी आले तेव्हा मी बाटलीचं तोंड जरासं वळवलं. पाणी बाजूच्या पत्र्यावर पडलं. नानांना पाण्याचा आवाज आला, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तीही जागा झाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर? तर गाडीने नानांना हरवलं, एवढंच झालं असतं. मेकॅनिक हरतात कधीकधी. पण नाना माझ्यापेक्षा चांगले होते. नळीवर पाणी पडलं नाही तरी त्यांनी ती फुसफुस ऐकली. डोळे न उघडता त्यांनी मान डावीकडे कलवली, हळूहळू खाली नेली आणि बरोब्बर त्या नळीच्या दिशेने हात केला. वीतभराचंही अंतर नव्हतं. आणि अगदी हळू, जणू पाखरू उडून जाईल असं, मला म्हणाले, ‘आठे खाले हवा खाई ऱ्हायनी. तुले ऐकू येस का?’

ऐकू येत होतं हो. स्वच्छ येत होतं. फुसफुस, फुसफुस — मीच तर बसवली होती.

मी काय करायला हवं होतं ते मला सांगू नका. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की नाना आता नळी ओढून बाहेर काढतील, उलटी करतील, चीर बघतील. आणि आपल्याच भंगारातली नळी ते ओळखणार नाहीत? मग निंबाखालचा माणूस, चुलीपाशी बसलेली अक्का, आई — सगळ्यांसमोर काय तो तमाशा. मी घाबरले. आणि म्हणाले, ‘नही, नाना. काहीच नही.’

त्यांनी डोळे उघडले. गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मिटले, पुन्हा ऐकलं. ‘नक्की?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तुम्हाला भास होतोय.

भास. हा शब्द माझा आहे. तो कुणी माझ्या तोंडात घातला नव्हता. ‘मला नाही ऐकू आलं’ म्हणून गप्प बसता आलं असतं. मी पुढे जाऊन त्यांना भास होतो असं सांगितलं. आणि नानांनी मान हलवली, कमरेवर हात ठेवून ते सरळ झाले. म्हणाले, तुझे कान कोवळे आहेत, तुला नाही आलं म्हणजे नसेल. मना कान गयात. कान गेले माझे. असं अगदी साधेपणाने म्हणाले, हवा बदलली म्हणावं तसं, आणि इंजिन बंद केलं.

त्यांनी स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं आणि गोडच झालं. नानांना त्या पोराचं फार कौतुक वाटायला लागलं. दुसरा कुणी असता तर तीन रविवार वाया गेल्यावर त्याने चौकात उभं राहून नावं ठेवली असती. हा उलट नानांचीच समजूत काढत होता की गाडीच म्हातारी आहे. असा शांत माणूस जावई म्हणून मिळायला भाग्य लागतं, हे नाना आईला म्हणाले, आई अक्काला म्हणाली, आणि अक्का तर तेच ऐकायला बसली होती. चौथ्या रविवारी बोलणी झाली. नानांनी हट्टाने सरांच्या गाडीला अख्खा कार्बोरेटर नवा आणला आणि ते तो बसवत असताना मी हत्यारं द्यायच्या निमित्ताने हात घालून चांगली नळी परत जागेवर बसवली. गाडी ठणठणीत झाली. सगळे म्हणाले, बघा, कार्बोरेटरच होता. पण जुना कार्बोरेटर नानांनी स्वतः तीन वेळा उघडला होता, त्यात काही नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं.

लग्न धुळ्यातच झालं. नवरा-नवरी त्याच पांढऱ्या गाडीतून जळगावला निघाली, गाडी मी चालवली, आणि मामेसासरे पारोळ्यापर्यंत मागच्या गाडीतून हातवारे करत होते की नवरीला बाजूला बसवा. सरांनी काच खाली करून त्यांना सांगितलं की मला तिच्याइतकी येत नाही. आमचा संसार असाच चालला आहे. मला येतं ते मी करते, त्यांना येतं ते ते करतात, आणि दोघांनाही येत नाही त्यावर आम्ही हसतो. मी सुखी आहे. हे लपवायचं कशाला? कबुली द्यायला बसलं म्हणजे तोंड पाडूनच बसायला हवं असं थोडंच आहे.

पण नाना.

माझ्या लग्नानंतर नानांनी आयडलचं काम घेणं बंद केलं. मला हे दिवाळीला माहेरी गेले तेव्हा कळलं. शिरपूरहून एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं, गाडीची रेस चढत होती. नाना म्हणाले, दुसरीकडे दाखवा, आता माझ्याकडून होत नाही. तो माणूस चकित झाला. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, तिथून मला सुद्धा कळलं की त्या गाडीची नुसती वायर ताणलेली आहे. नानांनाही कळलं असणार. त्यांनी तोंडातून काढलं नाही. ब्रेक, क्लच, ऑइल, पंक्चर — हाताची कामं ते करत राहिले. कानाची सोडली. ‘कानवाले नाना’ हे नाव लोक आणखी काही वर्षं घेत राहिले, मग कमी झालं.

आई त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान मी पाहिलेले नाहीत. नाना बाहेर येऊन आईला म्हणाले, पोरगं शिकाऊ दिसतंय.

आणि घरातही. हे मला फार नंतर लक्षात आलं. दारावर कुणी कडी वाजवली की नाना उठायचे नाहीत, आधी आईला विचारायचे, वाजली का? कुकरची शिट्टी झाली की विचारायचे, झाली का? त्यांना ऐकू यायचं सगळं. फक्त दुसऱ्या कुणी ‘हो’ म्हटल्याशिवाय ते खरं आहे असं त्यांना वाटायचं नाही. आई वैतागायची, म्हणायची, म्हातारपण आलं. साठीसुद्धा झाली नव्हती तेव्हा त्यांची.

मी सांगू शकले असते. पहिल्या दिवाळीला सांगायचं ठरवून गेले होते. मग वाटलं, मुलगी झाल्यावर सांगू, तेव्हा ते आनंदात असतील. मुलगी झाली. नाना तिला मांडीवर घेऊन गॅरेजात बसायचे, एकेका गाडीचा आवाज ऐकवायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, बरोबर सांगतोय ना मी? मी म्हणायची, बरोबर. त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. नानांना कळलं असतं तर ते आधी आनंदाने उडाले असते — कान शाबूत आहेत म्हणून. आणि त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. ते पाहणं मला नको होतं. बाकी काही कारण नाही.

गेल्या थंडीत अक्काच्या शेतावर आम्ही सगळे भरीत खायला जमलो होतो. काट्यांच्या जाळावर वांगी भाजली, मोठ्या लाकडी बडगीत कुटली, कांद्याची पात, पुऱ्या. नाना आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त पुऱ्या खातात. जेवताना सरांनी दर वर्षीची गोष्ट काढली — मी कार्बोरेटरमुळे जावई झालो. सगळे हसले. नाना सगळ्यांत मोठ्याने हसले, डोळे पुसत म्हणाले, आयुष्यात एकच गाडी माझ्या हाती लागली नाही आणि तिने मला हा सोन्यासारखा माणूस दिला, मी तर त्या गाडीच्या पाया पडतो. मीही हसले. खरंच हसले, हसायचं सोंग नाही केलं. इतकं छान ऊन होतं.

निघताना अक्काच्या मुलाने त्याची नवी गाडी चालू केली. जरा पलीकडे, विहिरीपाशी. नाना माझ्याशेजारी उभे होते, चूळ भरत. त्यांची मान डावीकडे कलली. मलाही आवाज आला: पुढच्या पट्ट्याची बारीक चुकचुक, फार काही नाही. नानांनी गाडीकडे पाहिलं नाही. त्यांनी वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाट बघत थांबले. काही विचारलंसुद्धा नाही. तेवीस वर्षं ते असेच माझ्या चेहऱ्याकडे बघतात, आपल्याला ऐकू आलं ते खरंच आलं का हे कळायला.

मी म्हणाले, हो नाना, पट्टा चुकचुकतोय. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, मग बरोबर.

त्या रविवारीही आवाज येत होता. डाव्या अंगाला, खाली, त्यांनी हात केला होता तिथेच. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं आणि मलाही आलं होतं.